कच्छ रोडट्रिप: रणात आणि मांडवीच्या किनाऱ्यावर फोटो काढायचेत, प्लॅन बघून सांगा

चिंचवडचा_भटक्या

नमस्कार मंडळी. पौष पौर्णिमेच्या आसपास स्वतःच्या गाडीने कच्छला जायचं ठरतंय, मी, बायको आणि ९ वर्षांची मुलगी. हातात ९ दिवस आहेत, त्यातले जाऊन-येऊन ४ प्रवासातच जाणार.

२०१९ ला ग्रुपबरोबर बसने रण उत्सवाला गेलो होतो. शे-दीडशे फोटो काढले आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर मीठ सगळं सिमेंटसारखं करडं, खाली करडं वर निळं मधे एक रेघ, बास. तिथे उभं राहून छातीत जे झालं होतं त्यातलं काहीच फोटोत आलं नाही, ती रुखरुख अजून आहे. म्हणून यावेळी गाडी आपली, वेळ आपला, फोटोसाठीच जायचं असं ठरवलंय.

प्लॅन असा: पहिल्या दिवशी पुणे ते अहमदाबाद, दुसऱ्या दिवशी भुज, तिसऱ्या दिवशी धोरडो (पांढरं रण) + काळो डुंगर + धोलावीरा, चौथ्या दिवशी लखपत आणि नारायण सरोवर, पाचव्या दिवशी मांडवी, मग सहावा-सातवा द्वारका सोमनाथ आणि परत. कॅमेरा साधा क्रॉप सेन्सरवाला (छोट्या सेन्सरचा), १८-५५ (रुंद दृश्यासाठी) आणि ७०-३०० (लांबचं जवळ आणणारी) लेन्स, एक ट्रायपॉड. ड्रोन मित्राकडून मिळू शकतो, न्यावा का? मीठ करडं का येतं, रात्री चंद्रप्रकाशात काही जमेल का, आणि समुद्रावर काय सांभाळायचं, हे मुख्य प्रश्न. गाडीबद्दल काही असेल तर तेही सांगा.

पाऊणपहाट

चार वेळा जाऊन आलोय, दोनदा एकटा आणि दोनदा घरच्यांबरोबर, त्यामुळे आधी स्पष्ट सांगतो: द्वारका सोमनाथ काढून टाक. देवदर्शनाला परत कधीतरी निवांत जा. तुझा तिसरा दिवस तर अशक्यच आहे, म्हणजे गाडीने तिन्ही ठिकाणं होतील पण फोटो एकाही ठिकाणचा होणार नाही, कारण तिन्हीकडे चांगला उजेड एकाच वेळी असतो, सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. मधे दहा ते चार रण म्हणजे नुसता डोळ्यावर येणारा पांढरा भपका, त्यात कितीही महाग कॅमेरा असला तरी काही होत नाही.

मीठ करडं का येतं ते सोपं आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं. फ्रेममध्ये नव्वद टक्के पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो काळवंडून टाकतो. त्यामुळे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, प्लसमध्ये न्यायचं, +१ पासून सुरुवात कर, पुढे हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघत बघत. उजवीकडे सरकू दे, भिंतीला चिकटायला नको एवढंच बघ. स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस, रणात इतका लख्ख उजेड असतो की स्क्रीनवरचा चांगला फोटोही अंधारलेला वाटतो. आणि रॉ मध्येच काढ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) नंतर ठरवता येतो, कारण सूर्य गेल्यावर ते मीठ आधी गुलाबी मग जांभळट निळं होत जातं आणि ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा तो रंगच पुसून टाकतो.

दुसरं, तुझ्या त्या रेघेबद्दल. धोरडोला सगळे पार्किंगमधून उतरून टॉवरकडे चालत जातात आणि उभ्या उभ्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढतात. तसं केलं की खाली पांढरं वर निळं असंच येणार. खाली बस, अक्षरशः गुडघ्यावर. मीठ सुकताना त्याला पाच-सहा कोनांच्या चकत्या पडतात आणि त्यांच्या कडा बोटभर वर उचललेल्या असतात. सूर्य क्षितिजाजवळ आला की त्या प्रत्येक कडेची सावली पडायला लागते. ती सावली म्हणजे फोटो. सूर्य पाठीशी ठेवला तर सावल्या कडांच्या मागे लपतात आणि सगळं सपाट दिसतं, म्हणून सूर्य बाजूला किंवा थोडा समोरच घे. १८ वर लेन्स ठेवून कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि मुलीला शंभर पावलं पुढे उभी कर. ती एवढीशी दिसेल आणि मग बघणाऱ्याला कळेल की ते रण केवढं आहे.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) वाइड लेन्सवर लावू नकोस, आकाशात एका बाजूला गडद निळा डाग पडतो. ७०-३०० वर चालेल.

चंद्राचं असं कर. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर येतो. तेव्हा जमिनीवर अजून उजेड असतो त्यामुळे चंद्र आणि मीठ दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमाराला आणि नंतर अजून उशिरा येतो, तो वर चढेपर्यंत जमीन काळी पडते आणि चंद्र नुसता पांढरा ठिपका होतो. म्हणजे चंद्रासकट फोटो आदल्या दिवशी, आणि चंद्राच्या उजेडातलं रण पौर्णिमेला रात्री. त्याला एफ ३.५ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता), दहा सेकंद इथून सुरुवात कर, ट्रायपॉडवर, दोन सेकंदाचा टायमर लावून. दिवसासारखा फोटो येतो आणि वर तारे दिसतात, पहिल्यांदा बघशील तेव्हा विश्वास बसणार नाही. आकाशगंगेचा तो भरगच्च पट्टा मात्र जानेवारीत रात्री मिळत नाही, त्यासाठी फेब्रुवारी अखेरपासून पुढे आणि तेही पहाटे, अमावास्येच्या आसपास जावं लागतं.

आणि एकाच जागी दोन रात्री थांब. पहिल्या संध्याकाळी जागा कळते, दुसऱ्या दिवशी फोटो होतो. माझे जे काही बरे फोटो आहेत ते सगळे दुसऱ्या दिवशीचेच आहेत.

गांधीधामवाला_मराठी

मी नोकरीनिमित्त गांधीधामला ११ वर्षं आहे, पाहुणे आले की रणात नेणं हे ठरलेलंच, त्यामुळे रस्त्याचं मी सांगतो.

अहमदाबादहून विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद करत सामखियाळीला या. सुरजबारीचा पूल लागला की कच्छ सुरू. पांढऱ्या रणासाठी परमिट लागतं, भिरंडियारा चेकपोस्टला मिळतं, ऑनलाइनही काढता येतं. सगळ्यांची ओळखपत्रं, त्यांच्या झेरॉक्स आणि गाडीचा नंबर तयार ठेवा. भिरंडियाराला मावा मिळतो, तो घ्याच.

धोलावीराला जायला आधी भचाऊ रापर असा लांबचा वळसा होता, आता खावड्याकडून सरळ रस्ता झालाय. त्यातला तीसेक किलोमीटरचा तुकडा थेट रणातून जातो, तोच तो इंस्टावर रोड टू हेवन म्हणून फिरतो. दोन्ही बाजूला पांढरं, आणि पाऊस जास्त झाला असेल तर जानेवारीतसुद्धा पाणी. पाणी असलं तर हिरमुसू नका, वारा पडला की सकाळी त्यात आकाश जसंच्या तसं उतरतं. पण रस्त्याच्या मधोमध उभं राहून, झोपून फोटो काढायचं जे फॅड आहे ते कृपा करून करू नका. रस्ता सरळ असल्याने गाड्या सुसाट येतात आणि लांबून वेगाचा अंदाज येत नाही. शिवाय खावड्याच्या पुढे सोलर पार्कचं प्रचंड काम चालू आहे, त्यामुळे भुज-खावडा पट्ट्यात ट्रक आणि ट्रेलर भरपूर. मुलगी बरोबर आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता महत्त्वाचं. रस्ता सोडून मिठावर गाडी घालू नका. कितीही टणक दिसू दे, आधीच्या गाडीचे चाकोरे दिसू देत, तरी नाही. माझी गाडी फसलीये. वरचा पापुद्रा दोन-तीन इंचांचा होता, पुढची चाकं गेली आणि मागची चाकं जिथे आली तिथे तो पापडासारखा मोडला, खाली काळा चिकट चिखल. जितका ॲक्सिलरेटर दिला तितकी गाडी खाली बसली, शेवटी चेसिस टेकली. फोनला रेंज नाही. मी आणि मेहुणा साडेतीन किलोमीटर चालत रस्त्याला आलो, एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी रात्री साडेनऊला दोर लावून काढली आणि पैसे घ्यायला तयारच नाहीत, चहा तरी घ्या म्हटलं तर आम्हालाच घरी नेऊन चहा पाजला. काठावर गाडी उभी करा आणि चालत जा, चालतानाही पायाखाली ओलं लागायला लागलं की मागे फिरा.

ड्रोन आणू नका. सीमेचा जिल्हा आहे, मित्राच्या नावावरचा ड्रोन, नको तो ताप. खावड्याच्या पुढे इंडिया ब्रिजच्या बाजूला किंवा बीएसएफच्या कुठल्याही चौकीकडे कॅमेरा रोखू नका, मोबाइलसुद्धा नाही. जवान सौजन्याने बोलतात, त्यांना उगाच विचारायची वेळ आणू नका. टाकी भुजलाच फुल करा, नकाशे ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

अजून एक, कच्छ पश्चिमेला एकदम टोकाला आहे त्यामुळे घड्याळ तेच असलं तरी सूर्य आपल्यापेक्षा उशिरा येतो. जानेवारीत उजाडायला सव्वासात-साडेसात होतात. म्हणजे धोरडोच्या आसपास राहिलात तर साडेपाचला उठूनसुद्धा निवांत पोचाल.

खाडीकाठ

रत्नागिरीचा आहे, मांडवीला दोनदा गेलोय (त्यांच्या मांडवीला, आपल्या रत्नागिरीच्या मांडवीला रोजच).

आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पौर्णिमा म्हणजे पंधरा, सव्वाअकराच्या सुमाराला भरती. कच्छच्या आखातात हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, वेळ पुढेमागे होते, म्हणून तिथला टाइड टेबल बघून जा. पण एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती दुपारी मोठी येते आणि संध्याकाळी पाणी लांबपर्यंत ओसरत जातं. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी समोर ओल्या वाळूचा आरसा मिळतो. रणातला चंद्र आणि मांडवीची ओली वाळू, दोन्ही एकाच आठवड्यात बसतंय तुमचं.

पवनचक्क्यांच्या बाजूच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उंट, घोडे, दाबेलीच्या गाड्या, खूप गर्दी. दाबेली मूळची मांडवीचीच, खा जरूर, पण फोटोला सकाळी रुक्मावती नदीच्या काठी जा. तिथे लाकडी जहाजं बांधतात, सुमारे चारशे वर्षांची परंपरा. आपली गलबतं बघितलेल्या माणसालाही तिथे मान वर करून बघावं लागतं, दोन-तीन मजली घर असावं तसा सांगाडा नदीकाठी उभा असतो. मी गेलो तेव्हा एक चाचा फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठेवून छिन्नी आणि लाकडी हातोड्याने ठोकत बसले होते, ठक ठक ठक, दोन ठोके हलके एक जोरात. मी तास-दीड तास तिथेच होतो. कामगारांना विचारून आत जा, पायाखाली खिळे आणि लाकडाच्या ढलप्या असतात, मुलीला बूट घाला. उजेड फळ्यांच्या मधून आत पट्ट्या पट्ट्यांनी येतो, तो आठ-साडेआठपर्यंत.

आता मिठाचं, कारण हे आम्हा किनाऱ्यावरच्यांना पोटातून माहीत असतं. रणातलं मीठ काय आणि समुद्राचं काय, ते हवेतला ओलावा धरतं आणि धातू खातं. माझा पहिला ट्रायपॉड मी तसाच गुंडाळून ठेवला, महिन्याभराने सगळ्यात खालचा पाय उघडेना. आता मी काय करतो, सर्वात खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढतो, म्हणजे लॉक मिठाच्या वर राहतं. परत आलो की बाथरूममध्ये गोड्या पाण्याने धुवायचा, उघडाच वाळू द्यायचा. लेन्सवर मिठाची धूळ बसली तर कापडाने घासू नका, चरे पडतात, आधी ब्लोअरने उडवा मग किंचित ओल्या मऊ कापडाने. रणात उघड्यावर लेन्स बदलू नका, गाडीत बसून काचा लावून बदला. एसीच्या खोलीतून समुद्रावर जाताना कॅमेरा बॅगेतच वीस मिनिटं राहू दे नाहीतर लेन्सवर दव धरतं. आणि गाडी पुण्यात पोचली की पहिल्यांदा खालून प्रेशरने धुऊन घ्या, चाकांच्या आतल्या बाजूने सुद्धा.

चिंचवडचा_भटक्या

मनापासून आभार सगळ्यांचे, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. द्वारका सोमनाथ काढलं. ड्रोनही नाही. चतुर्दशी आणि पौर्णिमा दोन्ही रात्री धोरडोजवळ होडकाला भुंग्यात (मातीच्या गोल झोपडीत) राहू. मग लखपत आणि मांडवी. धोलावीरा ठेवावं का सोडावं हे कळत नाहीये, बायकोला ते बघायचंच आहे.

वर्षा_गोडबोले_नाही

धोलावीरा सोडू नका. २०२१ ला जागतिक वारसा यादीत आलंय ते, मुलीला शाळेत हडप्पा संस्कृती येईलच, तिथल्या दगडी हौदांच्या पायऱ्या स्वतः उतरून बघितल्या की आयुष्यभर लक्षात राहील. दुपारी ते बघा, दुपारचा उजेड तसाही रणात उपयोगाचा नाही, आणि परतताना रणातल्या रस्त्यावर संध्याकाळ गाठा.

मला वेगळंच सांगायचंय. वरती सगळे मीठ आणि आकाशाबद्दल बोलले, पण रण रिकामं नाहीये. बन्नीतल्या गावांमध्ये, लुडिया, होडका, बायका कपाळापर्यंत भरतकाम केलेली ओढणी घेऊन बसलेल्या असतात आणि पर्यटक गाडीची काच खाली करून मोठी लेन्स लावून फोटो काढून निघून जातात. मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि मला फार लागलं ते. तुमच्याबरोबर बायको आणि मुलगी आहे, आधी त्यांना पुढे होऊ द्या, बसा, भरतकाम बघा, बोला, हिंदी समजते. मग विचारा. पुष्कळ जणी नाही म्हणतात, ते नाही म्हणजे नाही. त्यांच्या हातांचा आणि सुईचा फोटो काढू का विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि खरं सांगू, माझ्याकडे चेहऱ्यांपेक्षा तेच फोटो जास्त बोलके आलेत.

जाताना किंवा येताना एक रात्र छोट्या रणाच्या कडेला काढता आली तर बघा, दसाडा-पाटडीच्या बाजूला. तिथे अगरिया लोक पावसाळा संपला की रणात जाऊन झोपड्या बांधून राहतात, बोअरचं खारं पाणी वाफ्यांत सोडून मीठ पिकवतात, उन्हाळ्यापर्यंत तिथेच. आम्ही गेलो तेव्हा एक आजी वाफ्यात अनवाणी उभ्या राहून लाकडी दाताळं ओढत होत्या. मागे सूर्य, पाण्यात त्यांची सावली, फोटो तर समोर तयार होता. मी आधी जाऊन बसले. त्यांनी पाय दाखवले, टाचांना मिठाच्या भेगा, त्यात मीठ. मग त्यांनीच म्हटलं काढ. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने गेलो तेव्हा प्रिंट नेऊन दिली, लॅमिनेट करून, कारण साधा कागद तिथल्या हवेत टिकत नाही. तुम्हीही प्रिंट द्या, कुणाला तरी सांगून पोचवा.

घुडखर म्हणजे रानगाढवं तिथेच दिसतात. अभयारण्याचं परमिट वेगळं, वनखात्याचं. जीपवाल्याला आधीच सांगा की कळपामागे पळवायची नाही. थांबून राहिलं तर ती आपली आपण चरत जवळ येतात.

दत्तू_सांगलीकर

काळो डुंगर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. कच्छमधली सगळ्यात उंच जागा, वर दत्तात्रेयांचं देऊळ आहे. आपल्याकडची माणसं नरसोबाच्या वाडीला जातात तशी मी तिथे भक्तीनेच गेलो होतो, फोटोचा विचार नव्हता. आरतीनंतर पुजारी प्रसादाचा भात घेऊन ओट्यावर ठेवतात आणि हाक मारतात, मग झाडीतून कोल्हे येतात, खातात, जातात. फ्लॅश मारू नका, एकाने मारला आणि सगळे पसार झाले, त्या दिवशी प्रसाद तसाच राहिला.

वरून खालचं रण समुद्रासारखं दिसतं, कुठे जमीन संपते कळत नाही. धुरकट असतं त्यामुळे ७०-३०० सकाळी जास्त कामाला येईल. वर वारा बोचरा असतो, मुलीला कानटोपी.

लखपतबद्दल दोन ओळी. १८१९ च्या भूकंपाने सिंधूचं पाणी तिथून तुटलं, बंदर बसलं, गाव ओस पडलं. तट मात्र सुमारे सात किलोमीटरचा अजून उभा आहे. कोरी खाडीच्या बाजूच्या तटावर चढून बसा. समोर नुसता चिखल, पाण्याची एक पट्टी, आणि आवाज काहीच नाही. गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो, प्रेमाने जेवायला वाढतात.

चिंचवडचा_भटक्या

काल परत आलो, सामान अजून तसंच पडलंय पण आधी इथे लिहितोय.

चतुर्दशीला आभाळ भरून आलं, चंद्र दिसलाच नाही. मुलगी रडकुंडीला आली होती. पाऊणपहाट दादा, तुमचं दोन रात्रींचं ऐकलं नसतं तर आम्ही तसेच निघून गेलो असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर मोकळं झालं. मी टॉवरच्या बाजूला न जाता गर्दी सोडून डावीकडे पंधरा मिनिटं चालत गेलो, गुडघ्यावर बसलो, +१.३ ठेवलं, आणि त्या कडांच्या सावल्या एक एक करत पडायला लागल्या, आधी पुसट, मग पाच मिनिटांत सगळ्या रणावर जाळं. मुलगी लाल स्वेटर घालून लांब उभी होती, तिला तिकडून माझा आवाज ऐकू येत नव्हता म्हणून हात हलवत होती, तोच फोटो आला. मीठ पांढरं आलं. खरंच पांढरं.

रात्री गेटवरच्या माणसांना विचारलं, पौर्णिमा म्हणून थोडा वेळ जास्त थांबू दिलं. आयएसओ ८००, दहा सेकंद. तारे दिसतात हे खरं आहे.

मांडवीला जहाजाजवळ गेलो, ठक ठक ऐकली, तिथल्या एका काकांनी मुलीच्या हातात हातोडा दिला आणि एक ठोका मारू दिला. त्यांचा पत्ता घेतलाय, प्रिंट पाठवतोय, लॅमिनेट करून. धोलावीराच्या रस्त्यावर पाणी होतं दोन्ही बाजूला, वारा मात्र होता त्यामुळे आरसा नाही मिळाला.

ट्रायपॉड बाथरूममध्ये उघडा वाळतोय. गाडी उद्या सकाळी धुवायला टाकतोय. फोटो चाळून झाले की याच धाग्यावर टाकतो, पाऊणपहाट दादा तुम्ही बघून सांगा, चंद्रप्रकाशातल्या एका फोटोत आकाश हिरवट आलंय ते कशाने?